इंदूरचा सराफा: खायला रात्री, पण पोहोचा दुपारी

रामबागकर

पुण्यात ओळखीपाळखीत कुणी इंदूरला निघालं की मला फोन येतो, "सराफ्यात काय काय खायचं, यादी पाठव." पूर्वी मुकाट्याने पाठवायचो. आता आधी विचारतो, राजवाड्यापाशी किती वाजता पोहोचणार? उत्तर बहुधा "जेवायच्या वेळेला, नऊ-दहा" असं येतं. अर्धा सराफा तिथेच हुकतो. म्हणून हा धागा.

माझं लहानपण इंदूरच्या रामबागेतलं. नोकरीने पुण्याला आणलं, तरी दिवाळीनंतरची एक फेरी चुकवत नाही. त्या फेरीत शहर जसं बघतो तसं लिहितोय.

सराफा हा मुळात सोन्याचांदीचा बाजार. दिवसभर तिथे पेढ्या, तराजू आणि लग्नाचे दागिने घ्यायला आलेली कुटुंबं. रात्री आठच्या सुमाराला शटरं पडू लागतात आणि त्याच दुकानांच्या ओट्यांवर, पायऱ्यांपुढे कढया आणि तवे मांडले जातात. मग रात्री एक-दोनपर्यंत गल्ली जागी. ही पाळी बदलते ते बघायलाच मी लवकर जा म्हणतो. मागच्या डिसेंबरात एका पेढीसमोर उभा होतो. पेढीवरच्या माणसाने कुलूप लावलं, ओढून पाहिलं, दोन पावलं गेला आणि परत येऊन पुन्हा ओढून पाहिलं. तोवर खालच्या पायरीशी गराडूवाला परात कमरेला टेकवून उभा. पेढीवाल्याने पायाने पायरीवरचं एक पाकीट बाजूला सारलं, मान हलवली आणि निघाला. एक शब्द बोलणं नाही. दहा मिनिटांत तिथे तेल तापत होतं. जुने लोक सांगतात की रात्री माणसांची वर्दळ राहिली की सोन्याची दुकानं आपोआप राखली जातात, म्हणून सराफांनी हे बसू दिलं. मला ते पटतं.

तर दुपारी चारला राजवाड्यापाशी या. सात मजल्यांची वास्तू, खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. १८०१ मध्ये शिंद्यांचे सरदार सर्जेराव घाटग्यांनी इंदूरवर चाल केली तेव्हा राजवाडा जळाला, आणि १९८४ च्या दंगलीत पुन्हा आग लागली. दर्शनी भाग वाचला. राजवाड्याजवळच १८३२ मध्ये कृष्णाबाई होळकरांनी बांधलेलं गोपाळ मंदिर आहे. त्याचे लाकडी खांब हात लावून बघा. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली. ही सगळी जुनी बाजारपेठ राजवाड्याला बिलगून वाढलेली आहे, त्यामुळे एकाही बाजारासाठी रिक्षा लागत नाही.

खजुरी बाजारात पुस्तकं आणि वह्या, बजाजखान्यात कापड, सीतलामाता बाजारात साड्या आणि लग्नाचे कपडे, बर्तन बाजारात भांडी. नावावरून नेहमी माल कळेल असं नाही, पण चार दुकानं ओलांडली की वासावरून गल्ली कळते. मारोठिया बाजाराकडे वळलात की किराणा-मसाल्याचा वास येतो. रात्री जे जे खाणार त्याची तोंडओळख इथे दिवसाउजेडी होते: सुंठ, आमचूर, काळं मीठ, बडीशेप, हिंग. पाय साथ देत असतील तर इतवारिया बाजारातलं काच मंदिर बघून या. शेठ हुकुमचंदांनी बांधलेलं हे जैन मंदिर भिंती, छत, खांब सगळीकडून काचेने मढवलेलं आहे.

आता खाण्याकडे.

पहिल्यांदा भुट्ट्याचा कीस. कणीस किसायचं, तुपात हिंग-मोहरी-मिरचीवर परतायचं आणि दुधात शिजवायचं. वरून लिंबू, कोथिंबीर, खोबरं. मक्याचा गोडवा, मिरची आणि तूप तिन्ही एकाच घासात लागतात. पोटात जागा असताना खा, शेवटी नको.

दुसरं गराडू. हा कंद, आपल्याकडच्या कोनफळाच्या कुळातला, पण पांढरा. फक्त थंडीत मिळतो. मोठे तुकडे आधी तळून ठेवतात, तुम्ही मागितलेत की पुन्हा कडक तळतात, मग लिंबू आणि मसाला. बाहेरून कुरकुरीत, आत पिठूळ. मे महिन्यात जाऊन "गराडू कुठे आहे" विचारणारे भेटतात, त्यांच्यासाठी वाईट वाटतं.

तिसरं जोशींचा दहीबडा. दह्याने भरलेला द्रोण हवेत उडवून झेलतात, दही सांडत नाही, हे सगळ्यांनी व्हिडिओत पाहिलेलं असतं. मी सांगेन, उडवण्यापेक्षा त्यानंतरचा हात बघा. वेगवेगळे मसाले एकाच चिमटीत घेतात आणि बोटं सैल करत एकेक वेगळा सोडतात. दह्यावर पट्टे उमटतात.

मग शिकंजी. लिंबूपाण्याची कल्पना घेऊन जाऊ नका. इंदूरची शिकंजी म्हणजे आटवलेलं दूध, किंचित आंबूस, केशर-वेलची-सुकामेवा घातलेलं, जवळजवळ चमच्याने खायचं. अर्धा ग्लास दोघांत पुरतो.

खोपरा पॅटिस, मूगभजी, मावाबाटी, मालपुवा, रबडी आणि जिलबीचा थोरला भाऊ जलेबा (एकेक पाव किलोच्या वरचा) हे सगळं आहेच. चौघांत एक प्लेट हा नियम पाळा. मी माणसं पाहिली आहेत जी पहिल्याच ठेल्यावर दोन प्लेट खाऊन नऊ वाजता परत फिरली.

एक विनंती. कागद, द्रोण, काडी जे असेल ते कचरापेटीतच टाका. २०१७ ते २०२३ सलग सात वेळा हे शहर स्वच्छतेत देशात पहिलं आलं (२०२३ मध्ये सुरतेबरोबर) आणि इथल्या माणसाला त्याचा खरोखर अभिमान आहे. शेजारचा अनोळखी माणूस तुमच्या हातातला द्रोण घेऊन पेटीत टाकेल, तेव्हा आपल्याला लाज वाटते.

---

सईची आई

खूप छान लिहिलंत. आम्ही जानेवारीत जातोय, सोबत सासूबाई आहेत, वय ७२, गुडघे दुखतात. गर्दीत तासन्‌तास उभं राहणं जमायचं नाही. त्यांना सराफा दाखवायचाच आहे, कारण त्यांच्या आईचं माहेर इंदूरचं. काही उपाय?

---

रामबागकर

@सईची आई, शनिवार-रविवार टाळा, हे सगळ्यात महत्त्वाचं. सोमवार ते गुरुवारपैकी एखाद्या दिवशी सव्वाआठ-साडेआठला गल्लीत शिरा. तेव्हा ठेले नुकते लागलेले असतात, तेल ताजं असतं आणि बंद दुकानांच्या पायऱ्या मोकळ्या असतात. आजींना एका पायरीवर बसवा आणि तुम्ही एकेक पदार्थ आणून द्या. आम्ही आमच्या आत्याला असंच नेतो. साडेनऊनंतर मात्र निघा. गाडी आत जात नाही, राजवाड्याच्या बाजूला लावून चालावं लागतं, तेवढं अंतर धरून चला.

तेही जड वाटलं तर न्यू पलासियात छप्पन दुकान आहे. ५६ दुकानांची रांग, पुढचा भाग आता पादचाऱ्यांसाठी मोकळा केलाय, बसायला जागा आहे. जुन्या बाजाराची सर त्याला नाही, पण खाणं चांगलं.

---

निशाचर

रामबागकर, तुमचा मुद्दा मी पैसे मोजून शिकलो. उज्जैन-ओंकारेश्वर-इंदूर अशा सहलीत एका कंपनीने आम्हाला शनिवारी रात्री साडेदहाला सराफ्याच्या तोंडाशी सोडलं. सांगितलं, पाऊण तासात बसपाशी या. त्या गर्दीत पाऊण तासात आम्ही एका ठिकाणी रांगेत उभे राहिलो आणि एक जलेबा घेऊन परतलो. आईला तर काहीच मिळालं नाही. बसमध्ये बसून तिने डब्यातली पोळी खाल्ली, ते मला अजून बोचतं. सहल ठरवताना विचारून घ्या: सराफ्याला वार कोणता, किती तास. लेखी घ्या.

---

पेठकर

सकाळबद्दल कुणी काहीच बोललं नाही! माझ्या मते इंदूर सकाळी सातलाच सुरू होतं, पोहे-जिलबीवर.

आपले पोहे आणि तिथले पोहे यांत फरक आहे, तो समजून खाल्ले तर आवडतात. आपण कांदा फोडणीत परततो, दाणे घालतो, कढईत वाफ काढतो. तिकडे फोडणीत बडीशेप असते, साखर आपल्यापेक्षा जास्त, तेल कमी, आणि पोह्यांचा ढीग उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवून तासभर वाफेवर मऊ राहतो. कांदा कच्चा, वरून. मग शेव, लिंबू आणि शेवटी जीरावण, म्हणजे तिथला चटपटीत मसाला. पहिल्यांदा खाल्ले तेव्हा "हे गोड का" असं वाटलं होतं. जीरावण पडल्यावर कळलं की गोडवा त्याच्यासाठीच राखून ठेवलेला असतो. सोबतची जिलबी त्याच घासात खायची, नंतर नाही.

पोहे मराठ्यांबरोबर माळव्यात गेले असं तिथले लोक आपुलकीने सांगतात. मला ऐकायला फार आवडतं.

---

हॉस्टेलवाला

मी इंदूरला चार वर्षं शिकलो. सगळं मान्य, एक सोडून. सराफ्याबद्दल लिहिणारे नूडल्स, मोमो, सँडविच यांच्याकडे डोळेझाक करतात किंवा नाकं मुरडतात. आमच्यासारख्या बाहेरगावच्या पोरांना रात्री बाराला परीक्षेचा अभ्यास सोडून तिथे जाऊन नूडल्स खाल्ल्याचीच आठवण आहे. तोही सराफाच. दहीबडाही कधीतरी पहिल्यांदा तिथे आलाच असेल ना? ज्यांचा ठेला दहा वर्षांचा आहे, त्यांच्याही घरात चूल पेटायची असते.

---

रामबागकर

@हॉस्टेलवाला, तुमची आठवण खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पोटाचा प्रश्न तर खराच आहे.

पण माझी हरकत सांगतो. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना जुनी, खेटून उभी असलेली घरं, वर लाकडी सज्जे आणि वायरींची जाळी. तिथे गॅस सिलिंडर किती ठेवायचे याला मर्यादा हवी. नूडल्सवाल्यांच्या मोठ्या ज्वाळा पाहिल्या की मला १९८४ चा राजवाडा आठवतो. सराफा व्यापाऱ्यांची तक्रारही याच अंगाने आहे, आणि पारंपरिक पदार्थच ठेवावेत का, यावर शहरात वाद झडला आहे.

दुसरं, मोमो देशातल्या कुठल्याही चौकात मिळतो. भुट्ट्याचा कीस, गराडू, मावाबाटी हे माळव्याच्या शेतातून आणि गोठ्यातून आलेलं खाणं आहे. सराफ्यात त्याची जागा गेली की ते दुसरीकडे कुठे जाऊन बसणार? नव्या ठेल्यांना शहरात जागा जरूर द्यावी. या एका गल्लीत मात्र जुन्यांचा हक्क आधी, असं माझं ठाम मत आहे.

---

हॉस्टेलवाला

आगीचा मुद्दा पटला. त्याचा विचार मी केला नव्हता. हक्काच्या मुद्द्यावर अजून सहमत नाही, पण पुढच्या वेळी गराडूच्या हंगामात जाऊन बघतो. चार वर्षांत एकदाही खाल्लेलं नाही.

---

सुमनताई

अरे रामबागकरा, उपवासाची खिचडी विसरलास की! मी रामबागेतलीच, अजून इथेच आहे.

सराफ्यातली साबुदाण्याची खिचडी आपल्या घरच्यासारखी तुपात परतलेली नसते. साबुदाणा वाफवून मोकळा ठेवतात. आपण गेलो की तेवढा पातेल्यात घेऊन त्यात मसाला, मिरची, लिंबू, बटाट्याचा चिवडा, फराळी मिश्रण घालून हलवून देतात. चटपटीत लागते. माझ्या सूनबाई पुण्याच्या, त्यांना सुरुवातीला पटली नाही. आता एकादशीला त्याच आधी आठवण काढतात.

गराडू घरी आणणाऱ्यांना सांगते, सोलताना हाताला तेल लावा, नाहीतर हात खाजतात. आणि भाजीवाल्याकडून मातकट, जड बघून घ्या. हलका लागला तर आतून सुकलेला असतो.

रंगपंचमीला येता आलं तर या सगळ्यांनी. गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, राजवाड्यावरून जाते तेव्हा पाण्याच्या तोफांनी रंग तीन-चार मजले उंच उडतो. त्या दिवशी सराफा विसरा, पांढरे जुने कपडे घाला आणि रस्त्यावर उभे राहा.

---

रामबागकर

सुमनताई, चूक कबूल. खिचडी राहिलीच.

---

अवंतिका

मी ठाण्यात दोनदा कीस करून पाहिला. एकदा पातळ खिरीसारखा झाला, एकदा दूध फाटलं. काय चुकतंय? स्वीट कॉर्नचे दाणे मिक्सरमधून काढले होते.

---

सुमनताई

अवंतिका, पातळ होण्याच्या दोन्ही चुका तुझ्या शेवटच्या वाक्यात आहेत गं. स्वीट कॉर्नला पाणी फार आणि गोडही फार. साधा पांढरा देशी मका घे, कोवळा पण दाण्यात नख रुतेल इतकाच. मिक्सर नको. कणीस उभं धरून किसणीवर कीस, म्हणजे गर येतो आणि साल कणसालाच राहते.

चार मोठ्या कणसांना तीन चमचे तूप. मोहरी, जिरं, हिंग भरपूर, बारीक चिरलेल्या चार मिरच्या. मग कीस टाकून मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं परत. कच्चा वास जाऊन कडेने तूप दिसायला लागलं पाहिजे. इथे घाई केली की पुढे काही केलं तरी चव येत नाही. मग एक वाटी गरम दूध, मीठ, चिमूटभर साखर, झाकण ठेवून मंद आचेवर पाच-सात मिनिटं. कालथ्याला चिकटेल इतका घट्ट झाला की गॅस बंद. लिंबू त्यानंतरच, ताटलीत घेतल्यावर. तू बहुतेक गॅसवर असताना पिळलंस, म्हणून फाटलं.

---

पेठकर

जीरावणाबद्दल एक विचारायचं होतं. दर वेळी आणतो आणि पावसाळ्यात गोळा होऊन बसतं.

---

रामबागकर

@पेठकर, त्यात आमचूर आणि काळं मीठ असतं, दोन्ही हवेतलं पाणी ओढतात. काचेच्या छोट्या बरण्यांत वाटून ठेवा, वापरायची तेवढी एकच बाहेर, बाकीच्या फ्रिजमध्ये. मोठ्या पाकिटात रोज चमचा घातला की महिन्यात गेलंच. आणि शक्यतो राजवाड्याच्या परिसरातल्या मसाल्याच्या दुकानातून सुटं घ्या, आधी हातावर चाखून. दुकानागणिक फरक असतो, कुठे सुंठ पुढे, कुठे लवंग. मला सुंठेचं आवडतं.

---

सईची आई

परत आलो. मंगळवारी साडेआठला गेलो, जसं सांगितलं होतंत तसं.

सासूबाई एका चांदीच्या दुकानाच्या पायरीवर बसल्या. कीस आणून दिला, त्यांनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "यात आई खोबरं शेवटी नाही, परतताना घालायची." मग तीच गोष्ट त्या ठेलेवाल्याला जाऊन सांगितली, मराठीतून. तो म्हणाला, "माँजी, हमारी दादी भी ऐसे ही डालती थी." दोघं पाच मिनिटं खोबऱ्यावर बोलत होते, मागे रांग थांबलेली आणि कुणी कुरकुर केली नाही.

गराडू दोन प्लेट झाले, शिकंजी अर्धी उरली. पावणेदहाला निघालो. गुडघे ठीक आहेत.

---

अवंतिका

तिसऱ्या वेळी जमला! गरम दूध आणि किसणी. आता सईच्या आजींचं वाचून थोडं खोबरं परतताना घालून बघते. देशी मका ठाणे स्टेशनजवळच्या मंडईत मिळाला, पण विचारूनच घ्यावा लागतो. पुढे सगळा स्वीट कॉर्न मांडलेला असतो, देशी मागच्या टोपलीत.